शिंक्यातला सर्व्हर

लातूरहून फोन आला की मुग्धाच्या कपाळाला आठी पडायची. आताशा ती आठी इतकी ठरलेली होती, की फोन कुणाचा हे तिची आई स्वयंपाकघरातून नुसत्या "हॅलो"वरून ओळखायची.

"लातूरवाला का गं?"

"हाव. दुसरं कोण छळणार मला."

लातूरवाला म्हणजे श्रीनाथ. त्याच्या वडिलांनी, वसंतराव सरांनी, एकेकाळी दोन खोल्यांत शिकवणी सुरू केली होती. सर फिजिक्स शिकवायचे. पुढं डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांनी लातूरच्या गल्ल्या भरून गेल्या आणि त्या दोन खोल्यांची तीन मजली इमारत झाली. आता क्लास श्रीनाथ चालवायचा. सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. पण डॉक्टरांनी कल्पना दिल्यावर, ऑपरेशनच्या आधी, सरांनी हट्टानं अख्खा अभ्यासक्रम कॅमेऱ्यासमोर शिकवून ठेवला होता. देवणीपासून नायगावपर्यंतची पोरं ते तास मोबाईलवर बघायची. हे सगळे तास क्लासच्या एका सर्व्हरवर होते, आणि तो सर्व्हर सांभाळायचा जिम्मा नांदेडच्या मुग्धाचा.

सांभाळायचा म्हणजे काय, तर जीव मुठीत धरून बसायचं. सर्व्हरमध्ये पाच हार्ड डिस्का. पाची मिळून एकच कोठार समजा. त्यातली एक मेली तरी उरलेल्या चौघींवरून तिच्यातला माल नव्या डिस्कमध्ये पुन्हा भरता येतो. ह्याला रीबिल्ड म्हणतात. पण ते भरून व्हायच्या आत दुसरी मेली, तर अख्खं कोठार गेलं. आणि सरांचा आवाज जगात दुसरीकडं कुठंही नव्हता. एक प्रत बाहेर काढून ठेवा, असं श्रीनाथला सांगून सांगून मुग्धाच्या तोंडाला फेस आला होता. तो म्हणायचा, "करू की, पुढच्या बॅचला करू." बॅचमागून बॅच गेली, प्रत काही झाली नाही.

त्यात हा सर्व्हर महाखोडील. तिसऱ्या कप्प्यातली डिस्क मधूनच अंग काढून घ्यायची. हिरवा दिवा पिवळा व्हायचा, श्रीनाथचा फोन यायचा, मुग्धा एसटीत बसून लातूर गाठायची, आणि ती पोचेपर्यंत डिस्क बाईसाहेब अशा शहाण्यासारख्या चालायच्या की तपासणीत नाव ठेवायला जागा नाही. तिनं डिस्क बदलली. केबल बदलली. श्रीनाथच्या मागं लागून यूपीएस बदलायला लावला, मग डिस्का हाकणारा कंट्रोलरसुद्धा नवा बसवला. तिसरीचं दुखणं थांबलं तर चौथी रुसली. चौथीची समजूत काढली तर पुन्हा तिसरी. नांदेडला परत येऊन चपला काढते न काढते तोच फोन वाजायचा.

"मॅडम, परत पिवळा."

श्रीनाथचं एक होतं. गरज असली की "मुग्धाताई" आणि तक्रार असली की "मॅडम". बरेच महिने ती मॅडमच होती. कामाचं सोडा, पण "मॅडम, तुम्हाला नेमकं येतं ना हे?" असंही त्यानं एकदा विचारलं होतं, आणि तो प्रश्न मुग्धाला अजून टोचत होता.

म्हणून त्या दिवशी फोनवर "मुग्धाताई" ऐकू आलं, तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मुग्धाताई, तिसरा लाल झाला. आन् चौथा पिवळा मारून राहिला."

"बंद करा. आत्ताच्या आत्ता बंद करा आणि कुणी हात लावू नका. उद्या येते मी."

"उद्या नका ना. उद्या सगळ्या बॅचेस आहेत. सुट्टीच्या दिवशी या, बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नसतं, तुम्हाला निवांत काम करता येतं."

"दादा, दर खेपेला तुम्ही मला सुट्टीच्या दिवशी बोलवता आणि दर खेपेला मला काही सापडत नाही. ताप उतरल्यावर डॉक्टरला बोलावून काय उपयोग? उद्या येते. बॅच चालू पाहिजे."

"पोरांचं डिस्टर्ब होतं हो."

"होऊ द्या," म्हणून मुग्धानं फोन ठेवला आणि दुकानातली सगळ्यात मोठी बाहेरची डिस्क पिशवीत टाकली. श्रीनाथ प्रत काढेल याची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. आधी जे आहे ते त्या डिस्कवर उतरवायचं, मग मेलेल्या तिसरीच्या जागी नवी घालून रीबिल्ड. फक्त तेवढा वेळ चौथीनं तग धरला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी ती क्लासवर पोचली तेव्हा इमारत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमत होती. सर्व्हरची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. तिथं एसी असल्यानं वसंतराव सर दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर पाटी, हातात पाटीवरची पेन्सिल. आवाज गेल्यापासून त्यांचं बोलणं पाटीवरच चालायचं. मुग्धा वाकून पाया पडली तशी त्यांनी लिहिलं, "गाढवे, परत आलीस?"

मुग्धा त्यांचीच विद्यार्थिनी. सर ज्या पोरीला गाढवे म्हणायचे ती पुढं जायची, जिला नावानं हाक मारायचे तिनं आशा सोडावी, असं तेव्हा हॉस्टेलात मानत असत. एरवी तिला तो शब्द पाटीवर पाहून बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"आले सर. नाइलाज आहे."

तिनं सर्व्हर चालू केला. लाल दिवा लालच राहिला, पण चौथीचा हिरवा झाला. बाहेरची डिस्क जोडून तिनं सरांचे तास उतरवायला घेतले. सगळं सुरळीत. एक तास उतरला, दुसरा उतरला. श्रीनाथ दारात हाताची घडी घालून उभा होता.

"बघा. चालतंय की."

"चालू द्या. नजर लावू नका."

आणि तेवढ्यात घंटा झाली. वरच्या मजल्यावरची बॅच सुटली. जिन्यावरून पोरं उतरायला लागली, म्हणजे कशी, तर दप्तरं पाठीवर घेऊन दोन-दोन पायऱ्या एकदम, शेकडो पायांनी. खोलीची भिंत धडधडली. मुग्धाच्या डोळ्यांसमोर चौथीचा दिवा लुकलुकला, पिवळा झाला आणि उतरवणं जागच्या जागी थांबलं. अख्खं कोठार बंद.

तिनं घाबरून सर्व्हरच्या रॅकला हात लावला. आणि रॅक डुलला. बैलगाडीत बसल्यावर माणूस डुलतो तसा, निवांत, पुढं-मागं.

मुग्धानं हात काढून घेतला आणि पुन्हा लावून पाहिला. पुन्हा डुलला. रॅकच्या खाली लाकडी चौकट होती आणि चौकटीभोवती हिरव्या मखमलीची झालर. ती झालर ती पहिल्यापासून बघत आली होती. कुणाची तरी हौस असेल, म्हणून तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. आता ती गुडघ्यावर बसली आणि तिनं झालर वर केली. खाली स्कूटरच्या ट्युबा होत्या. हवा भरून टम्म फुगलेल्या, सुतळीनं एकमेकींना बांधलेल्या. अख्खा सर्व्हर हवेवर बसला होता.

तिनं झालर वरच धरून मान वळवली.

"दादा, हे काय आहे?"

श्रीनाथनं छताकडं पाहिलं. "बाबांचं आहे ते."

"कधीपासून?"

"सर्व्हर आणला तेव्हापासून. मला वाटलं तुम्हाला माहीत असंल."

"मला स्वप्न पडलं असंल."

"भूकंपात आजी गेली आमची. तेव्हापासून बाबा घरातली एक जड वस्तू जमिनीवर टेकवू देत न्हाईत. फ्रीज ट्युबांवर, कपाट ट्युबांवर. कपड्यासाठी दार ओढलं की कपाटच पुढं येतं. आई बेजार होऊन गेली. आता एवढं सवयीचं झालं, की सांगायचं सुचलंच न्हाई."

सुचलंच नाही. केबल, कंट्रोलर, यूपीएस, एसटीच्या खेपा, "तुम्हाला येतं ना हे", आणि ह्याला सुचलंच नाही. मुग्धाला वाटलं, पिशवी उचलावी आणि सरळ नांदेड गाठावं. पण चौथी अजून जिवंत होती. तिनं सर्व्हर पुन्हा चालू केला, चौथीच्या हातापाया पडून तिला कोठारात परत घेतलं, दिवा हिरवा झाला आणि उतरवणं पुन्हा सुरू झालं. पुढची घंटा व्हायला एक तास होता. असे हिसके ती आणखी किती सोसेल, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

"सर," ती वळून म्हणाली, "ह्या ट्युबांतली हवा काढावी लागेल."

सरांनी मान हलवली. नाही.

"सर, चालत्या डिस्कमध्ये माल वाचणारं डोकं फिरत्या थाळीवरून केसाएवढंही उंच नसतं. पोरं उतरली की हा रॅक झुलतो. मग डोकं जागा चुकतं, पुन्हा वाचायला जातं, पुन्हा चुकतं. उशीर झाला की कंट्रोलरला वाटतं ही मेली, आणि तो तिला बाहेर काढतो. डिस्कमध्ये खोट नव्हतीच. ह्या झोक्यानं तिसरी मेली. आता चौथीचा नंबर आहे."

सरांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. "भूकंप."

"भूकंप काय रोज येतो का सर? पोरं रोज येतात."

पेन्सिल कुरकुरली. "१९९३ च्या आधीही रोज येत नव्हता."

श्रीनाथनं पुढं होऊन समजावलं, बाबा, थोड्या वेळासाठी, बाबा, मी स्वतः परत हवा भरतो. सरांनी खुर्ची सरकवून रॅकला टेकवली आणि स्वतः मध्ये बसले. श्रीनाथनं मुग्धाकडं पाहिलं, मुग्धानं श्रीनाथकडं. दोघांनाही एकदमच कळलं, की ह्या माणसाला उचलून बाजूला ठेवणं दोघांच्याही हातून होणार नाही.

"सर, ह्याच्यात तुमचा आवाज आहे," मुग्धा म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज आता चढला होता. "तुमचाच आवाज. आणि तुम्हीच त्याच्या जिवावर उठून राहिलात."

सरांनी सावकाश पाटी पुसली आणि लिहिलं, "गेलेला आवाज आणखी कुठं जाणार?"

मुग्धाला एकदम रडू यायला लागलं, आणि रडू येतंय म्हणून संताप आला. हा म्हातारा कुणाचं ऐकणार नाही. बायकोचं नाही, पोराचं नाही, तिचं तर नाहीच. आयुष्यभर ह्यानं फक्त स्वतःचं ऐकलं.

आणि मग तिनं ते केलं.

हॉस्टेलच्या मेसमध्ये सगळ्याच पोरी सरांची नक्कल करायच्या, पण मुग्धासारखी कुणाची जमायची नाही. तिची नक्कल ऐकायला दुसऱ्या मेसच्या पोरी यायच्या. सरांच्या कानावर ते जाऊ नये म्हणून तेव्हा सगळ्यांनी शपथा घेतल्या होत्या. आता तिनं नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, बोटांनी टेबलावर दोनदा टकटक केलं, आणि औशाकडच्या त्या जाड, घोळदार आवाजात सुरू झाली.

"पोरांनो, वह्या मिटा. हे वहीत लिहायचं न्हाई."

श्रीनाथ होता तिथंच थांबला.

"त्या राती मी लातुरात होतो. गणपती बोळवले आन् झोपलो. पहाटं जमीन हलली. गावाकडं पळालो तं गाव न्हाई. निस्ती दगडं. आमच्या घराच्या भिंती लई जाड, बापजाद्यांना त्याचा लई तोरा. त्याच आईच्या अंगावर आल्या. एक आढं तेवढं उभं होतं. आन् आढ्याला शिंकं. शिंक्यात दह्याचं मडकं. पोरांनो, मडक्याला तडा न्हाई. दह्यावरची साय मोडली न्हवती. सांगा मला, का?"

सरांची पेन्सिल हवेत राहिली होती.

वर्गात तेव्हा कुणी तरी उठून सांगायचं, तसं तिनं बारीक आवाजात म्हटलं, "सर, टांगलेलं होतं म्हणून जमिनीचा हिसका वर पोचला न्हाई." आणि लगेच सरांच्या आवाजात, "हां. शाब्बास. बस खाली. आता गाढवे, तू ऊठ. त्याच शिंक्याला रोज येता-जाता, बरोबर झोक्याच्या तालात, कुणी एका बोटानं ढकललं तं काय होईल?"

मुग्धानं चष्मा वर सरकवल्यासारखं केलं आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "फुटेल सर. झोका वाढत जाईल आणि मडकं भिंतीवर आपटून फुटेल."

आणि पुन्हा सरांच्या आवाजात, "बरोबर. जोर लागत न्हाई, ताल लागतो. आन् ध्यानात ठेवा, माझ्या आईनं शिंकं भूकंपासाठी टांगलं न्हवतं. मांजरासाठी टांगलं होतं. काही टांगायच्या आधी आपल्या घरातलं मांजर कोणतं ते बघा."

ती थांबली. तिला धाप लागली होती.

"सर, इथं घंटा झाली की जिन्यावरून मांजर उतरतं. दिवसातनं कितीदा तरी. आणि आपण शिंकं नेमकं त्याच्या वाटेवर टांगलं."

सर खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा श्रीनाथ घाबरून पुढं आला. पण सर हसत होते. आवाज नसलेलं हसू, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी गालावर. ते बराच वेळ हसले. मग त्यांनी पाटी श्रीनाथच्या हातात दिली, खुर्ची सोडली, गुडघ्यावर बसले आणि पेन्सिलीचं टोक ट्युबच्या वॉल्व्हमध्ये दाबलं.

हवा फुस्सकन निघाली. एक झाली की दुसरी. ट्युबा दबत गेल्या तसा रॅक तसूतसूनं खाली आला आणि फरशीवर टेकला. सरांनी शेजारी फरशीवर तळवा ठेवला आणि तसेच बसून राहिले. मुग्धानं रॅक ढकलून पाहिला. रॅक हलला नाही.

पुढच्या घंटेला श्रीनाथनं पोरांना एरवी कुलूपबंद असलेल्या मागच्या जिन्यानं काढलं. तरी थोडी चुकार पोरं इकडूनच धडधडत उतरली. मुग्धा चौथीकडं बघत राहिली. दिवा हिरवाच राहिला. त्याच्या पुढच्या घंटेलाही हिरवाच.

दुपार कलली तेव्हा सरांचे सगळे तास बाहेरच्या डिस्कवर उतरले होते. मुग्धानं मेलेली तिसरी काढून नवी घातली, रीबिल्ड सुरू झालं, आणि तिनं पहिल्यांदा पाठ टेकली. श्रीनाथ चहा घेऊन आला.

"मुग्धाताई," तो म्हणाला. कप त्यानं दोन्ही हातांनी दिला.

"ही डिस्क इथं ठेवायची नाही," मुग्धा म्हणाली. "आणि हिच्यासारखी अजून एक घ्या. पुढच्या बॅचला न्हाई. उद्या."

"हाव."

नीट उतरलंय का, हे एकदा तपासायचं राहिलं होतं. कोणता तास लावायचा हा प्रश्नच नव्हता. तिनं झोक्याचा धडा शोधला आणि लावला. पडद्यावर सर आले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि खोलीत त्यांचा आवाज भरला. खणखणीत, आहे तसा. खुर्चीतले सर स्वतःकडं कुणा परक्याकडं बघावं तसे बघत होते. पडद्यावरच्या सरांनी व्याख्या सांगितली. आकृती काढली. सूत्र मांडलं. गणित सोडवलं. मुग्धा वाट बघत राहिली. मग तिनं तास पुढं सरकवला, आणखी पुढं सरकवला. शेवटी सर म्हणाले, "पुढचा धडा उद्या," आणि पडदा काळा झाला.

"सर, ह्याच्यात शिंकं कुठंय?"

तिनं तास पुन्हा मागं नेऊन पाहिला.

"आई नाही, मडकं नाही, मांजर नाही. काहीच नाही. कापलं का कुणी?"

श्रीनाथ हळूच म्हणाला, "मीच उभा होतो कॅमेऱ्यामागं. असं काही बोललेच न्हाईत ते. मी तर आज पहिल्यांदा ऐकलं. मला पुण्याला ठेवलं होतं शिकायला. आजी गेली एवढंच सांगितलं, दह्याचं कधी न्हाई सांगितलं."

सरांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "वहीत लिहायचं नाही म्हणत होतो. मग कॅमेऱ्याला काय सांगायचं?"

मुग्धानं ते वाचलं. सकाळपासून जिच्यासाठी ती जीव टाकत होती ती डिस्क तिच्या हातात होती, आणि जे जायला नको होतं ते त्या डिस्कवर कधी नव्हतंच. जुन्या पोरांच्या टवाळीत तेवढं उरलं होतं. आता इतक्या वर्षांनी त्यातलं कुणाला काय आठवत असेल, कोण जाणे.

तिनं पिशवी खांद्याला लावली. नांदेडच्या गाडीची वेळ झाली होती आणि ही चुकली की पुढच्या गाडीत बसायला जागा मिळायची नाही. ती पाया पडायला वाकली तशी सरांनी पाटी पुसली, आणि नव्यानं लिहून तिच्यापुढं धरली.

"पुन्हा सांग. श्रीनाथला नीट ऐकू दे."

श्रीनाथनं दार लोटून घेतलं आणि खुर्ची असताना जमिनीवर मांडी घालून बसला. मुग्धानं पिशवी खाली ठेवली. नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, टेबलावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाली, "पोरांनो, वह्या मिटा."